शॉकअप उघडताना

तळेगाव दाभाडेहून चाकणकडे जाणारा रस्ता इंदुरीवरून जातो. गावाला इंद्रायणीचा काठ आहे, सरसेनापती खंडेराव दाभाड्यांची गढी आहे आणि जवळच भंडारा डोंगर आहे. रस्त्यावर मात्र रात्रंदिवस ट्रेलर आणि कंटेनर, कारण पुढे चाकणचा कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. बजाज ऑटोच्या तिथल्या कारखान्यात केटीएमच्या आणि ट्रायम्फच्या मोटरसायकली तयार होतात. दुचाकींचे फोर्क, म्हणजे गॅरेजच्या बोलीत पुढचे शॉकअप, बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांचं बस्तानही याच राज्यात आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये एन्ड्युरन्स आहे, तर १९६१ साली मुलुंडला सुरू झालेली गॅब्रिएल आज दुचाकींचे शॉकअप नाशिकला बनवते.

एवढं असूनही मोटरसायकलवरचा सर्वांत दुर्लक्षित भाग कोणता, याचं उत्तर पुढचा शॉकअप हेच आहे. इंजिन ऑईल बदलायची तारीख मालकाला पाठ असते, चेनला तेल लावायचं लक्षात असतं. शॉकअपमध्येही तेल असतं आणि तेही म्हातारं होतं, हे मात्र ते तेल बाहेर येऊन ब्रेकवर सांडेपर्यंत बहुतेकांच्या गावी नसतं. डांबरी रस्त्यावर हा आळस वर्षानुवर्षं खपून जातो. मावळातल्या मातीत तो एका पावसाळ्यातच उघडा पडतो.

मातीत गाडी घालण्याची हौस मावळाला नवी नाही. आंदर मावळातले कच्चे रस्ते आणि लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीला जाणारी दगडधोंड्यांची वाट पुण्या-मुंबईच्या चालकांना पूर्वीपासून तोंडपाठ आहेत. (भातखाचरांच्या बांधावरून गाड्या घालणाऱ्यांबद्दल गावकऱ्यांचं मत फारसं चांगलं नाही, आणि ते रास्तच आहे.) गेल्या काही वर्षांत या हौसेला साजेशा गाड्याही मिळू लागल्या. हीरोची एक्सपल्स २०० मे २०१९ मध्ये आली. तिच्या पुढच्या शॉकअपच्या नळ्या ३७ मि.मी. जाडीच्या होत्या आणि चाकाला वरखाली सरकायला १९० मि.मी. वाव होता. या वावाला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. पुढे आलेल्या ‘प्रो’ आवृत्तीत तो २५० मि.मी. झाला. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनला २०० मि.मी. ट्रॅव्हल आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने एसएक्स-एफ आणि ईएक्ससी-एफ या अस्सल स्पर्धेच्या गाड्याही भारतात विकायला काढल्या. त्यांच्या शॉकअपचा ट्रॅव्हल ३०० मि.मी.च्या आसपास असतो. त्याच वर्षी जानेवारीत बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली आणि मातीच्या उंचवट्यांवरून हवेत झेपावणाऱ्या गाड्या पुणेकरांनी स्टेडियममध्ये बसून पाहिल्या.

अशी गाडी जमिनीवर आदळते तेव्हा शॉकअपच्या आत काय होतं, हे कळलं की तो घरी उघडायची भीती अर्धी कमी होते.

पुढच्या प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. ही रचना जुनी आहे. १९३४ साली डेन्मार्कच्या निंबसने आणि १९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने दुर्बिणीसारख्या सरकणाऱ्या नळ्यांचा फोर्क विक्रीच्या गाड्यांवर बसवला, आणि बीएमडब्ल्यूने त्यात तेलाचा अवरोधही आणला. नळ्यांच्या आत स्प्रिंग असते, तेल असतं आणि तेलाच्या वर थोडी कोंडलेली हवा असते. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. नुसतीच स्प्रिंग असती तर तिने ती ऊर्जा तशीच परत केली असती आणि गाडी उड्या मारत राहिली असती. ती जिरवण्याचं काम तेलाचं. बारीक भोकांतून जबरदस्तीने ढकललं गेलं की ते तापतं आणि धक्का उष्णता होऊन निघून जातो.

साध्या शॉकअपमध्ये ही भोकं कायमच्या मापाची असतात. अडचण तिथेच आहे. भोकातून तेल दुप्पट वेगाने ढकललं तर अडवणूक दुपटीने नाही, जवळजवळ चौपटीने वाढते. त्यामुळे ब्रेक मारला की असा शॉकअप नरमपणे खाली बसतो, कारण ती हालचाल सावकाश असते. राजमाचीच्या वाटेवरचा टोकदार दगड लागला की मात्र तो लोखंडी पहारीसारखा ताठ होतो, कारण चाक क्षणात वर फेकलं जातं. महागड्या गाड्यांत भोकांऐवजी कार्ट्रिज असतं. त्यात पिस्टनवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत बसवलेली असते. तेलाचा जोर वाढला की चकत्या वाकतात आणि वाट मोठी करून देतात. एकेक चकती मिलिमीटरच्या एक ते तीन दशांश जाडीची. दोन शॉकअपमधला जो फरक चालकाला हातात जाणवतो, त्यातला बराचसा या चकत्यांत असतो.

तेलावरच्या हवेचं काम अनेक मेकॅनिकही विसरतात. शॉकअप दबला की ती हवा कोंडते. तिची जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो, आणखी निम्मी झाली की चौपट. म्हणजे ती दुसरी स्प्रिंगच असते, पण अशी की सुरुवातीला नावापुरती आणि शेवटच्या टप्प्यात एकदम कडक. तेल किती भरायचं याला इतकं महत्त्व का, ते इथे कळतं. तेलाची पातळी पाच-दहा मि.मी.ने वर नेली तर उरलेली हवा कमी होते आणि मोठ्या उडीनंतर शॉकअप बूड गाठत नाही. तेल अंदाजाने ओतणारा माणूस नकळत ही दुसरी स्प्रिंग बदलून टाकत असतो. डाव्या-उजव्या पायात वेगळी पातळी ठेवली तर दोन पायांत दोन वेगळ्या स्प्रिंगा बसवल्यासारखं होतं.

आता चिखलाकडे.

बाहेरच्या नळीच्या तोंडाशी दोन रबरी कडी असतात. बाहेरचं डस्ट सील धूळ अडवतं, त्याच्या आतलं ऑईल सील तेल अडवतं. ऑईल सीलचा पातळ ओठ चकचकीत नळीला सतत चिकटून राहावा म्हणून त्याच्यामागे केसासारख्या बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. हा ओठ आणि नळी यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तोच वंगणाचं काम करतो. या थरात एक कण शिरला की सील गळायला लागतं. मावळातली भातखाचरांची माती बारीक आणि चिकट असते. ओली असते तेव्हा ती नळीवर माखते, आणि गाडी धुवायचा कंटाळा केला तर दोन दिवसांत वाळून तिची खरखरीत पापडी होते. पुढच्या रविवारी शॉकअप दबला की ही पापडी सरळ डस्ट सीलखाली ढकलली जाते. सीलची वाट लागते ती बहुतेक वेळा घरी उभ्या ठेवलेल्या गाडीमुळे. मोठ्या उडीला उगाच बोल लावला जातो.

स्पर्धेच्या गाड्यांत नळ्या उलट्या बसवतात, जाड नळी वर आणि चकचकीत नळी खाली, चाकाजवळ. मजबुतीला हे चांगलं, पण चिखल आणि उडणारे दगड थेट सीलच्या तोंडाशी येतात. म्हणून समोर प्लास्टिकची ढाल असते. एक्सपल्स किंवा जुन्या हिमालयनसारख्या गाड्यांत नळीवर रबरी भाता असतो. तो दगड अडवतो, पण आत शिरलेलं पाणी सुकू देत नाही. भात्याखाली गंजाचे ठिपके आले तर बाहेरून पत्ताही लागत नाही. पावसाळा संपल्यावर भाता एकदा वर सरकवून पाहणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे.

नळीवर तेलाचं कडं दिसलं म्हणजे लगेच सील फाटलं असं नाही. बऱ्याचदा ओठाखाली फक्त कण अडकलेला असतो आणि तो काढला की गळती थांबते. यासाठी बाजारात प्लास्टिकचं एक चपटं हत्यार मिळतं, पण जगभरचे चालक पूर्वीपासून कॅमेऱ्याच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी वापरत आले आहेत. आता निगेटिव्ह कुठून आणायची? घरातल्या कपाटात कुणाच्या तरी मोडलेल्या हाताचा एक्स-रे असतोच. त्याची बोटभर रुंदीची पट्टी कापून टोकाला छोटा आकडा करायचा. डस्ट सील हलक्या हाताने बाजूला सरकवून ही पट्टी ऑईल सील आणि नळी यांच्यामध्ये घालायची आणि नळीभोवती पूर्ण फिरवायची. आकड्यात काळसर गाळ येतो. तो पुसून पुन्हा एकदा फिरवायची, नळी स्वच्छ करायची आणि शॉकअप काही वेळा दाबून पाहायचा. तेल आलं नाही तर खोलायची गरज नाही. आलंच, तर मात्र उशीर करू नये. गळणारं तेल ब्रेकच्या पॅडवर उतरलं की ते पॅड बदलावेच लागतात, आणि घाटात पुढचा ब्रेक न लागणं ही गंमत नव्हे.

सील शाबूत असलं तरी आतलं तेल बदलावंच लागतं. हजारो वेळा बारीक वाटांतून पिळून निघालेलं तेल पातळ होत जातं. त्यात नळ्यांमधल्या बुशांची झीज मिसळते, ॲल्युमिनियमची राखाडी भुकटी मिसळते, दमट हवेतलं पाणी मिसळतं. पहिल्यांदा शॉकअप उघडणाऱ्याला त्या करड्या पाण्याचा वास आयुष्यभर लक्षात राहतो. स्पर्धेच्या गाड्यांच्या पुस्तिकेत सर्व्हिसची मुदत किलोमीटरमध्ये दिलेली नसते, इंजिन चालल्याच्या तासांत दिलेली असते, कारण चिखलातले दहा किलोमीटर आणि महामार्गावरचे दहा किलोमीटर यांची तुलनाच होत नाही. मावळात नियमित मातीत जाणाऱ्या साध्या गाडीला दर पावसाळ्यानंतर नवं तेल घालावं, हा हिशेब सोपा आणि सुरक्षित आहे.

हे काम घरच्या ओट्यावर होतं का? होतं, आणि मोटरसायकलवरच्या किचकट वाटणाऱ्या कामांमध्ये घरी करण्याजोगं हेच सर्वांत चांगलं काम आहे. मागच्या शॉकअपमध्ये बऱ्याचदा मोठ्या दाबाचा नायट्रोजन भरलेला असतो. तो घरी उघडू नये. पुढच्या साध्या शॉकअपमध्ये असा वायू नसतो. यंत्रशाळेची गरज पडत नाही, ताकदही बेताचीच लागते. लागतं ते स्वच्छ टेबल, माप आणि धीर. मेकॅनिकच्या हातून शॉकअप बिघडतो तो बहुधा याच तीन गोष्टींच्या कमतरतेने. ग्रीसने माखलेल्या हातांनी, उघड्यावर, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना, डब्यात दिसेल ते तेल ओतून दिलं जातं.

अर्थात प्रत्येक शॉकअप पहिल्या प्रयत्नाचा नाही. स्पर्धेच्या बऱ्याच गाड्यांत कार्ट्रिज स्वतंत्रपणे बंद असतं आणि त्यातली हवा काढायला खास हत्यारं लागतात. केटीएमच्या काही मॉडेलांत एका पायात स्प्रिंगच नसते. तिथे दाबाखालची हवा भरलेली असते आणि दुसऱ्या पायात फक्त तेलाचं काम चालतं. हा दाब सोडल्याशिवाय टोपण उघडणं धोक्याचं आहे. सुरुवात करायची असेल तर एक्सपल्ससारख्या साध्या, सरळ नळ्यांच्या शॉकअपवर करावी. पुढचं वर्णन त्याचंच आहे.

आधी गाडी स्वच्छ धुवावी, विशेषतः सीलचा भाग. मग इंजिनखाली भक्कम स्टँड लावून पुढचं चाक अधांतरी करावं आणि गाडी मागून पट्ट्याने बांधून घ्यावी. चाक काढल्यावर ब्रेकचं कॅलिपर त्याच्या नळीवर लोंबकळत सोडू नये, तारेने हँडलला टांगावं. आता एक माप घ्यायचं असतं आणि नवखा ते हमखास विसरतो. वरच्या ‘टी’मधून, म्हणजे दोन्ही पायांना धरून ठेवणाऱ्या वरच्या जोडपट्टीतून, नळीचं टोक किती वर आलं आहे ते पट्टीने मोजून कागदावर लिहावं. दोन्ही पाय परत त्याच उंचीवर बसले नाहीत तर गाडी वळताना वेगळीच वागते.

पाय काढण्याआधी वरच्या ‘टी’चे बोल्ट सैल करून शॉकअपचं टोपण अर्ध्या आट्याने ढिलं करून घ्यावं. खालची ‘टी’ नळी घट्ट धरून असते, म्हणून हे तिथेच सोपं जातं. नळी हातात आल्यावर टोपण सोडवायला बसलं तर ओट्यावर कुस्ती होते. टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटच्या आट्याला टोपण उडतं, म्हणून तळहाताने दाबून धरावं, तोंड बाजूला ठेवावं आणि डोळ्यांना चष्मा असावा. स्प्रिंग काढून ठेवावी, ती कोणत्या बाजूने वर होती हे लक्षात ठेवून. पाय उलटा करून तेल डब्यात गाळावं आणि नळी वरखाली करून उरलंसुरलंही काढावं. हे तेल इंद्रायणीला मिळणाऱ्या गटारात ओतू नये. जळकं ऑईल साठवणारी गॅरेजं ते घेतात.

फक्त तेल बदलायचं असेल तर काम इथेच अर्धं झालं. सील बदलायचं असेल तर पायाच्या तळाशी, चाकाच्या ॲक्सलजवळ, आत खोल एक ॲलन बोल्ट असतो. तो आतल्या डॅम्पर रॉडला धरून असतो, आणि गंमत अशी की बोल्ट फिरवला की आतला रॉडही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. कारखान्यात याला खास हत्यार आहे. घरी झाडूचा लाकडी दांडा टोकाला निमुळता तासून नळीत घालतात आणि रॉडच्या तोंडात घट्ट दाबून धरतात. बहुतेक वेळा एवढं पुरतं. बोल्टखालची तांब्याची वॉशर परत न वापरता नवी घालावी, नाहीतर सील नवं असूनही तळातून तेल झिरपतं.

डस्ट सील काढलं की त्याच्याखाली तारेची सर्कलिप दिसते. ती काढल्यावर काही शॉकअपमध्ये आतली नळी बाहेर ओढत झटके द्यावे लागतात. मग बुश, वॉशर आणि सील एकामागून एक निघून येतात. काहींत नळी सरळ बाहेर येते आणि सील तोंडात अडकून राहतं. ते उचकटताना कडेला जाड फडकं ठेवावं, कारण ॲल्युमिनियमच्या कडेला पडलेला ओरखडा नव्या सीललाही पुरून उरतो.

सर्वांत महत्त्वाची तपासणी आता येते आणि तिला हत्यार लागत नाही. आतली नळी उजेडात धरून बोटाच्या टोकाने हळूहळू फिरवावी. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो. दगडाने बसलेला बारीक खड्डा हानी करत नाही, त्याची वर उचललेली कड करते. ती हजार किंवा त्याहून बारीक नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने, नळीला आडवं घासत, अलगद बसवता येते. क्रोम उडून खाली गंज आला असेल तर मात्र नवं सील घालून उपयोग नाही. नळी बदलावी लागते किंवा क्रोम करणाऱ्याकडे पाठवावी लागते. नळी वाकली आहे का, हे पाहायला ती सपाट काचेवर गडगडवून खालची फट बघतात. बुशांवर टेफ्लॉनचा राखाडी थर असतो. त्यातून तांब्याचा रंग डोकावू लागला की बुश संपले.

नवं सील पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत मिळतं. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. जुनं सील खिशात घालून न्यावं. गाडीच्या नावावरून दुकानदाराने दिलेलं सील आकड्यांनी पडताळून घ्यावं. स्वस्त सीलचा ओठ लवकर कडक होतो, आणि सगळं काम पुन्हा करायचं म्हटलं तर वाचलेले पैसे फार महाग पडतात.

बसवताना नळीच्या टोकावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून तिला तेल लावतात आणि सील तिच्यावरून सरकवतात. नाहीतर नळीची धारदार कड पहिल्याच क्षणी ओठ कापते. सीलची खोलगट, बारीक स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे. सील ठोकून बसवायला मिळणारं हत्यार महाग आहे. पण नळीवर बरोबर बसेल अशा व्यासाच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा, कडा घासून, तेच काम करतो, आणि शेतीच्या पाईपचा तुकडा गावात कुठेही मिळतो. ठोके सगळीकडे सारखे आणि हलके द्यावेत. सील जागेवर बसलं की आवाज बदलतो आणि वरची खाच पूर्ण दिसू लागते. सर्कलिप त्या खाचेत चहूबाजूंनी बसली आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तेलाच्या बाबतीत गोंधळ फार आहे. बाटलीवर ५ डब्ल्यू, १० डब्ल्यू असे आकडे असतात, पण ते सगळ्या कंपन्यांत सारखे नसतात. एकीचं पाच दुसरीच्या साडेसातच्या जवळ जातं. खरा आकडा बाटलीच्या माहितीपत्रकात असतो: ४० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती सेंटिस्टोक, तो. ब्रँड बदलायचा असेल तर हा आकडा जुळवावा. इंजिन ऑईल, त्यातही वापरलेलं, शॉकअपमध्ये ओतण्याची पद्धत अजून गेलेली नाही. त्याने शॉकअप कडक लागतो आणि गिऱ्हाईक खूश होतं, पण आत फेस होतो आणि काही दिवसांत रया जाते.

पुस्तिकेत दिलेलं माप ओतल्यावर नळी सावकाश पूर्ण लांबीभर वरखाली करावी, म्हणजे अडकलेली हवा निघते. मग थोडा वेळ तसंच राहू द्यावं. पातळी मोजायची ती स्प्रिंग काढून, नळी पूर्ण दाबून, पाय सरळ उभा धरून. नळीच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर पुस्तिकेत मि.मी.मध्ये दिलेलं असतं. मोठ्या सिरिंजला पारदर्शक नळी जोडून तिच्यावर त्या लांबीची खूण केली की काम सोपं होतं. थोडं तेल जास्त ओतायचं आणि सिरिंजने ओढायचं. खूण जिथे येते तिथे सिरिंज हवा ओढू लागते. दुसऱ्या पायात याच खुणेने पातळी जुळवली की दोन्ही पायांत मिलिमीटरचाही फरक राहत नाही.

स्प्रिंगबद्दलचा एक जुना समज इथे आठवतो. डर्ट ट्रॅकवर धावणाऱ्या साध्या गाड्यांत स्प्रिंगच्या वर लोखंडी नळीचा तुकडा ठेवून शॉकअप ‘कडक’ करायची पद्धत होती, आजही आहे. असं केल्याने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते. गाडी उंच उभी राहते, पण प्रत्येक मिलिमीटरला लागणारा जोर तेवढाच राहतो. वजनदार चालकाला खरोखर कडक स्प्रिंग हवी असेल तर ती बदलावीच लागते.

स्प्रिंग चालकाच्या वजनाला जुळते का, हे तपासायची रीत सोपी आहे. चाक अधांतरी असताना सीलपासून खालच्या ‘टी’पर्यंतचं अंतर मोजायचं. मग चालक हेल्मेट-बूट घालून पायठ्यांवर उभा राहिला की पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक ट्रॅव्हलच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के असावा. २५० मि.मी. ट्रॅव्हल असेल तर तो साठ ते पंचाहत्तर मि.मी. येतो. फरक खूप जास्त आला तर स्प्रिंग मऊ आहे, खूप कमी आला तर कडक. साठ किलोच्या मुलासाठी जुळवलेली गाडी नव्वद किलोच्या काकाला देऊन ‘शॉकअप बेकार आहे’ हा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

जुळणीत घाई होते ती बोल्ट आवळताना. ‘टी’चे बोल्ट पाठीत जोर आणून पिळले तर नळी चेपते आणि सरकताना अडते. साधारण बारा ते बावीस न्यूटन-मीटरच्या आसपास, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेवढंच, टॉर्क पाना लावून आवळावं. ॲक्सलचा नट बसवल्यावर लगेच ॲक्सल आवळून धरणारे खालचे पिंच बोल्ट घट्ट करू नयेत. गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक धरावा आणि हँडल काही वेळा जोरात दाबावं, म्हणजे दोन्ही पाय एकमेकांशी समांतर येतात. मग पिंच बोल्ट. एवढी एक पायरी गाळल्याने नव्या सीलमध्येही शॉकअप अडखळतो.

शॉकअपच्या टोपणावर काही गाड्यांत हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. मुंबईहून गाडी ट्रेलरवर टाकून लोणावळ्याला आणणाऱ्यांना त्याचा उपयोग कळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर वर आल्यावर बाहेरचा दाब सहा-सात टक्के कमी असतो, आतला तेवढाच राहतो. उन्हात तापलेल्या नळीत तो आणखी वाढतो. चाक अधांतरी ठेवून स्क्रू क्षणभर ढिला केला की ‘फुस्स’ आवाज येतो आणि शॉकअप पुन्हा मऊ होतो.

नव्या सीलवर पहिल्या फेरीत तेलाची पुसट रेघ दिसू शकते, ती जुळणीच्या वेळी लावलेल्या तेलाची असते. पुसून टाकावी. इंदुरीहून भंडारा डोंगराच्या घाटाने वर जाऊन खाली आलं की ब्रेक, वळण आणि खडबडीत रस्ता, तिन्हींची परीक्षा होते. परत आल्यावर बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत आणि नळीवर बोट फिरवून पाहावं. रेघ परत दिसली, तर खाचेतली सर्कलिप आणि तळाची तांब्याची वॉशर यांच्यापासून शोध सुरू करावा.